अंगणातली मांजरे आणि मोकळी माती

पाळीव मांजराचा पूर्वज मानले जाणारे फेलिस लिबिका हे रानमांजर उत्तर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या कोरड्या, वालुकामय प्रदेशांत वाढले, आणि सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेला मांजराचा जो सांगाडा २००४ साली प्रसिद्धीस आला तो सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा असल्यामुळे माणूस आणि मांजर यांचा शेजार निदान तितका जुना आहे. एवढ्या काळात मांजराने दूधभात स्वीकारला, चुलीची ऊब स्वीकारली, पण शौचाची जागा निवडण्याची पद्धत सोडली नाही. पंजाने सहज उकरता येईल अशी भुसभुशीत आणि शक्यतो कोरडी जमीन शोधायची, लहानसा खड्डा करायचा आणि काम आटोपल्यावर तो मातीने झाकून टाकायचा, हा त्याचा क्रम आहे. नुकताच खुरपलेला, शेणखत मिसळलेला मेथी-कोथिंबिरीचा वाफा या सगळ्या अटी एकाच वेळी पूर्ण करतो, आणि म्हणूनच साताऱ्यातल्या गोडोली-शाहूपुरीच्या वसाहतींत काय किंवा सांगलीतल्या विश्रामबागेत काय, बंगल्यापुढे चार वाफे आणि दहा कुंड्या राखणाऱ्या माणसाची तक्रार सारखीच असते. मांजर खोडसाळपणाने अथवा वैराने येत नाही. त्या आळीतली सर्वांत सोयीची जागा त्या घराने तयार करून ठेवलेली असते, म्हणून ते येते.

जमिनीचा प्रकार आणि पाऊस यांचा या तक्रारीशी जितका संबंध आहे तितका सहसा लक्षात घेतला जात नाही. कृष्णाकाठची काळी जमीन वाळली की कडक होऊन भेगाळते आणि अशा जमिनीत मांजराला उकरता येत नाही, मात्र तीच जमीन कुदळीने फोडून भुसभुशीत केली की चित्र पालटते. साताऱ्याच्या पश्चिमेकडे, जावळी-पाटणच्या अंगाला, जांभ्याची तांबडी माती असते आणि शहरांतल्या नव्या प्लॉटांवर मुरूम टाकून सपाटी केलेली असते, त्यामुळे अशा आवारात बागेसाठी बाहेरून आणून टाकलेली मऊ माती तेवढीच मांजरांच्या उपयोगाची ठरते. माण, खटाव, आटपाडी, जत या अवर्षणप्रवण तालुक्यांत वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपासच पाऊस पडत असल्याने कोरडी माती जवळजवळ बारमाही उपलब्ध असते, तर घाटमाथ्याकडे, जिथे महाबळेश्वरसारख्या ठिकाणी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस होतो, तिथे पावसाळ्याचे चार महिने उघडी जमीन चिखल होऊन बसते आणि मांजरे पागोळ्यांच्या आतल्या कुंड्या, गाडीचा पोर्च, जिन्याखालची जागा अशा कोरड्या आडोशाकडे वळतात. घरासमोर बांधकामाची वाळू किंवा क्रश सँड उघडी पडलेली असेल, तर ती सर्व ऋतूंत मांजरांची पहिली पसंती असते. तीच वाळू पुढे गिलाव्यात जाते, हे घरमालकाला बहुधा उशिरा कळते. ढिगावर ताडपत्री टाकून कडेने विटा ठेवणे हा यावरचा पुरेसा उपाय आहे.

उपायाकडे वळण्यापूर्वी घाण करणारा प्राणी खरोखरच मांजर आहे का, हे पाहणे आवश्यक ठरते. मांजराची विष्ठा बहुधा मऊ मातीत, अर्धवट तरी झाकलेली आणि भोवती उकरल्याच्या खुणांसह सापडते. भिंतीच्या माथ्यावर, पत्र्यावर, गच्चीच्या कोपऱ्यात किंवा फरशीच्या मधोमध उघडी पडलेली आणि फळांच्या बियांनी भरलेली विष्ठा दिसली, तर ती बहुतेक उदमांजराची असते. नावात मांजर असले तरी हा प्राणी मार्जारकुळातला नाही. तो चिकू, पपई, जांभूळ अशी फळे खातो, दिवसा माळ्यावर किंवा जुन्या झाडाच्या ढोलीत झोपतो आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली त्याला संरक्षण आहे. शहराबाहेर ऊसपट्ट्यात राहणाऱ्यांच्या आवारात खरे रानमांजर, म्हणजे फेलिस चाउस, येऊन जाण्याचीही शक्यता असते आणि त्यालाही याच कायद्याचे छत्र आहे. कुत्र्याची विष्ठा आकाराने मोठी असते आणि ती कधी झाकलेली नसते. ही ओळख न पटवता वाफ्यावर जाळी अंथरली तर माळ्यावरच्या उदमांजराला तिचा काहीच उपसर्ग होत नाही.

विष्ठा आणि मूत्र या दोन वेगळ्या समस्या आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे बरेच उपाय फसतात. वाफ्यात खड्डा करून केलेला विधी ही निसर्गाची गरज असते, पण फाटकाच्या खांबावर, गाडीच्या टायरवर किंवा तुळशीवृंदावनाच्या कट्ट्यावर उभ्याने, शेपूट थरथरवत मारलेली मूत्राची पिचकारी हा बोक्याचा हद्द जाहीर करण्याचा मार्ग असतो. त्या मूत्राच्या उग्र वासाचे मूळ फेलिनिन नावाच्या अमिनो आम्लात आहे. नसबंदी न झालेल्या बोक्यांच्या मूत्रात ते सर्वाधिक असते आणि हवेत त्याचे विघटन होऊन गंधकयुक्त संयुगे तयार होतात, त्यामुळे पिचकारी मारल्यानंतर काही वेळाने वास कमी होण्याऐवजी वाढत जातो. मूत्रपिंडात तयार होणारे कॉक्सिन नावाचे प्रथिन फेलिनिनच्या निर्मितीला चालना देते, हे या शतकाच्या पहिल्या दशकात जपानी संशोधकांनी दाखवून दिले. शिवाय मूत्रातले युरिक आम्लाचे स्फटिक पाण्यात सहजी विरघळत नाहीत. नुसत्या पाण्याने धुतलेली फरशी उन्हात गंधहीन वाटते आणि आषाढातल्या दमट हवेत पुन्हा वास मारू लागते. माणसाच्या नाकाला न कळणारा अवशेषही मांजराला पुरेसा असतो, आणि त्या वासावर ते किंवा दुसरे मांजर परत येते. जागा पुरती गंधहीन झाल्याखेरीज पुढचा कोणताही उपाय टिकत नाही.

पण लोकांमध्ये प्रचलित असलेले बहुतेक उपाय याच्या उलट दिशेने जातात. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत गल्लोगल्ली फाटकाशी लाल किंवा निळ्या पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या ठेवलेल्या दिसतात. मूळ समजूत कुत्र्यांबद्दलची, पण मांजरांसाठीही त्या ठेवल्या जातात. ही समजूत केवळ इथलीच आहे असे नाही. जपानमध्ये मांजरे दूर राहावीत म्हणून घराभोवती पाणी भरलेल्या बाटल्यांची रांग मांडण्याची पद्धत अनेक वर्षे आहे, आणि अशा बाटलीने भिंगासारखे ऊन एकवटून आग लागू शकते, असा इशारा तिथल्या अग्निशमन यंत्रणांना द्यावा लागलेला आहे. मांजराला निळा आणि पिवळसर-हिरवा रंग बऱ्यापैकी दिसतो, लाल रंग मात्र मळकट करडा भासतो; कुंकवाच्या पाण्याला भिण्याचे त्याला काही कारण नाही आणि निळीच्या पाण्यालाही नाही. एखादी नवी वस्तू दिसली म्हणून ते दोन-तीन दिवस बिचकते, एवढाच काय तो बाटलीचा परिणाम असतो.

बाटली निरुपयोगी असली तरी निरुपद्रवी आहे. फिनाईल आणि डांबरगोळ्यांबद्दल तसे म्हणता येत नाही. माणसाचे यकृत फिनॉलवर्गीय द्रव्यांना ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देऊन ती शरीराबाहेर टाकते. या क्रियेसाठी लागणारे एक महत्त्वाचे विकर मांजरात तयारच होत नाही, कारण त्याचे जनुक मार्जारकुळात निकामी झालेले आहे. काळे फिनाईल आणि क्लोरोझायलेनॉल असलेली घरगुती जंतुनाशके ओल्या फरशीवरून मांजराच्या पंजाला लागतात, पंजे चाटताना पोटात जातात आणि माणसाला सोसणारी मात्रा त्याला विषारी ठरते. डांबरगोळ्यांतले नॅफ्थॅलिन मांजराच्या तांबड्या रक्तपेशी आणि यकृत दोहोंना इजा करते. शिवाय पांढरी गोळी पेपरमिंट समजून तोंडात घालणारे लहान मूल त्याच अंगणात खेळत असते, आणि जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या मुलांमध्ये नॅफ्थॅलिनमुळे रक्तपेशी झपाट्याने फुटतात. लाल तिखटाने मांजराच्या डोळ्यांची आग होते, पण पहिल्या सरीबरोबर ते वाहून जाते. संत्र्याच्या साली, कॉफीचा चोथा, गवती चहा यांचा वास मांजराला फारसा आवडत नाही हे खरे असले तरी तो वास एक-दोन दिवसांत उडतो. रोज साली टाकत बसण्याची चिकाटी असलेल्या माणसाला त्याहून चांगले काम त्याच श्रमात करता येईल.

ते काम म्हणजे उघडी माती झाकणे. मांजराला जमिनीवर पंजा टेकवून सहज उकरता आले नाही तर ते जागा बदलते, आणि हे साधण्यासाठी लागणारे साहित्य या दोन जिल्ह्यांत जवळजवळ फुकट मिळते. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ भागातल्या द्राक्षबागांची वर्षातून दोनदा छाटणी होते, एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास फळछाटणी, आणि दोन्ही वेळा बागेबाहेर वाळलेल्या काड्यांचे ढीग पडतात. वीतभर लांबीच्या काड्या वाफ्यात एकमेकींपासून चार-पाच बोटांच्या अंतरावर उभ्या खोचल्या की रोपांना ऊन-पाणी मिळत राहते आणि मांजराला बसायला, वळायला, उकरायला जागा उरत नाही. कराड, वाळवा, पलूस या ऊसपट्ट्यात तोडणीनंतर पाचट शेतातच पसरावे असा सल्ला कृषी खाते ओल टिकवण्यासाठी आणि सेंद्रिय खतासाठी देत असते; परसबागेत त्याच पाचटाचा चार बोटे जाड थर ही दोन्ही कामे करतोच, शिवाय ऊसपात्याच्या चरचरीत कडा मांजराच्या पायाच्या गादीला सोसत नाहीत. भुईमुगाची टरफले हलकी असल्याने मांजर ती बाजूला सारू शकते, म्हणून त्यांच्या खाली तरी जाळी हवी. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती इंचभर भोकांची जाळी वाफ्यावर सपाट अंथरून वर मातीचा पातळ थर दिला तर बी उगवून वर येते आणि पंजा मात्र तारेवर अडतो; बी पेरल्यापासून रोपांनी जमीन झाकेपर्यंतचे तीन-चार आठवडे ही जाळी सर्वांत मोलाची असते. बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्या वाफ्यावर पसरण्याची जुनी रीतही याच तत्त्वावर चालते, पण ज्या घरात मुले अनवाणी फिरतात तिथे ती न केलेली बरी. अक्षय तृतीयेच्या सुमारास लावलेल्या हळदीचा वाफा पानांनी झाकला जायला दोन महिने लागतात आणि तोवर तो मांजरांना मोकळा असतो. पानांनी तो भरून गेला की मांजर आपणहून तिथे फिरकत नाही. कुंड्यांसाठी नदीतल्या गोट्यांचा एक थर पुरतो. यांतले काही जमत नसेल तर निदान झाडांना पाणी सकाळऐवजी संध्याकाळी द्यावे, कारण मांजरांची वर्दळ तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत अधिक असते आणि त्या वेळेला माती ओली असणे सोयीचे पडते.

पोर्च आणि फाटकापासून गाडीपर्यंतची वाट यांचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे उकरण्यासारखे काही नसते. तिथे येणारे मांजर हद्दीची खूण करण्यासाठी किंवा मागच्या वासावर येते. सातारा-सांगलीकडच्या आवारांत अजूनही मोठ्या प्रमाणावर दिसणारी शहाबादी फरशी म्हणजे चुनखडक होय, आणि चुनखडकावर आम्ल पडले की तो फसफसून झिजतो. लिंबू, व्हिनेगर आणि विशेषतः शौचकूप धुण्याचे आम्ल वापरून अशी फरशी घासली तर पृष्ठभाग खडबडीत होतो, त्याची छिद्रे मोठी होतात आणि पुढच्या वेळी मूत्र अधिक खोल मुरते. ब्लीचिंग पावडर आणि आम्ल एकापाठोपाठ वापरण्याची चूक तर जिवावर बेतू शकते, कारण त्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेले द्रव टाळावेत, कारण मूत्रातही तोच वास असतो. कपड्यांची पावडर आणि गरम पाणी यांनी फरशी घासावी, ती पूर्ण वाळू द्यावी आणि मग प्राण्यांच्या मूत्रासाठी मिळणारे विकरयुक्त द्रव, म्हणजे युरिक आम्ल आणि प्रथिने यांचे विघटन करणारे द्रव, बाटलीवर सांगितलेल्या वेळेपर्यंत ओले ठेवावे. ते ओतून लगेच पुसून टाकणाऱ्यास त्याचा गुण येत नाही. पेव्हर ब्लॉकच्या सांध्यांत भरलेली बारीक वाळू निघून गेली असेल तर ती पुन्हा ठासून भरावी.

हालचाल टिपून पाण्याचा फवारा सोडणारी यंत्रे परदेशात परिणामकारक मानली जातात, परंतु जिथे टँकरची वाट पाहावी लागते त्या जत-आटपाडीत मांजर हाकलण्यासाठी पाणी उडवण्याची सूचना करणे ही थट्टाच ठरेल. अतिउच्च कंपनांचा आवाज काढणाऱ्या यंत्रांमागचे तत्त्व खरे आहे: माणसाला सुमारे २० किलोहर्ट्झपर्यंतच ऐकू येते आणि मांजराला ६० किलोहर्ट्झच्याही पुढचे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात अशा यंत्रामुळे बागेतला मांजरांचा मुक्काम कमी झालेला आढळला, पण तो थांबला नाही. याउलट एक बिनखर्चाची युक्ती अनेकांना पटत नाही, ती अशी की आवाराच्या एका आडबाजूच्या, ऊन लागणाऱ्या कोपऱ्यात हात-दीड हात लांबीरुंदीचा वाळूचा चौक मुद्दाम मोकळा सोडावा आणि त्यातली घाण रोज खुरप्याने काढून टाकावी. स्वतःच्या अंगणात शेजाऱ्याच्या मांजरासाठी संडास बांधण्याची कल्पना स्वाभिमानाला झोंबते, पण बाकीची जमीन झाकलेली असेल तर मांजर हा चौक पत्करते आणि वाफे वाचतात.

काढलेली घाण सेंद्रिय खताच्या खड्ड्यात टाकू नये, यामागे ठोस कारण आहे. टोक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय परजीवी १९०८ साली ट्युनिस आणि ब्राझील येथे जवळजवळ एकाच वेळी ओळखला गेला, आणि त्याचे लैंगिक जीवनचक्र केवळ मार्जारकुळातच पूर्ण होते हे १९७० च्या सुमारास स्पष्ट झाले. प्रथमच संसर्ग झालेले मांजर साधारण एक ते तीन आठवडे विष्ठेतून या परजीवीची अंडकोशिका नावाची अवस्था बाहेर टाकते. ती ताजी असताना बाधक नसते, एक ते पाच दिवसांत बाधक होते आणि ओलसर मातीत कित्येक महिने टिकून राहते. रोजच्या रोज विष्ठा उचलली तर धोका बराच कमी होतो तो यामुळेच. निरोगी माणसाला या संसर्गाचा फारसा त्रास होत नाही, परंतु गर्भारपणात पहिल्यांदा झाल्यास तो गर्भाच्या मेंदूला आणि डोळ्यांना इजा करू शकतो, म्हणून गरोदर स्त्रीने बागकाम हातमोजे घालूनच करावे आणि अशा वाफ्यातली कोथिंबीर, मेथी, मुळा नीट धुतल्याशिवाय कोणीच खाऊ नये. मांजराच्या आतड्यातल्या गोल कृमींची आणि अंकुशकृमींची अंडीही मातीतच वाढतात.

शेजाऱ्याशी होणाऱ्या भांडणात कायद्याचा आधार फारसा मिळत नाही. मोकाट जनावरांसाठी १८७१ साली ब्रिटिशांनी केलेल्या गुरे-अतिक्रमणाच्या कायद्यात हत्ती आणि उंटापासून शेळीच्या करडापर्यंत सगळ्यांचा उल्लेख होता, त्यात मांजर नव्हते; त्यामुळे मांजराला कोंडवाडा कधीच लाभला नाही. दुसऱ्या बाजूने मांजराला इजा करणाऱ्यासाठी कायदा स्पष्ट आहे: प्राण्यांचा छळ प्रतिबंधक अधिनियम, १९६० लागू आहेच, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे प्राण्याला मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. कायद्याच्या आधीपासून लोकसमजुतीने हे काम केले आहे. मांजर मारल्याचे पाप फेडायला काशीला सोन्याचे मांजर वाहावे लागते, या धाकामुळे विषप्रयोग कमी झाले असतील, पण पोत्यात घालून मंडईत किंवा नदीपलीकडे सोडून येण्याची पळवाट त्याच समजुतीने रूढ केली. सोडलेल्या मांजरांपैकी काही परत येतात, काही कुत्र्यांच्या तावडीत सापडतात, आणि आळीत अन्न तितकेच असल्यामुळे रिकामी झालेली हद्द नवे मांजर थोड्याच दिवसांत व्यापते. अन्नाचा हा भाग आळीच्या हातात असतो. घंटागाडी येण्याच्या बऱ्याच आधी दारात ठेवलेला मासळीचा कचरा आणि रात्री गल्लीच्या तोंडाशी कागदावर टाकलेला उरलासुरला रस्सा यांनी तिथल्या मांजरांची संख्या ठरते. प्राणी जन्मनियंत्रण नियम, २०२३ मध्ये मोकाट प्राण्यांना खाऊ घालण्याची जागा लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यांपासून आणि ये-जा करण्याच्या दारांपासून दूर असावी असे म्हटले आहे. खाऊ घालणाऱ्याने ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी घालावे आणि जागा झाडून घ्यावी, इतके झाले तरी अर्धे भांडण मिटते.

उरलेला अर्धा भाग संख्येचा आहे. भाटीचा गर्भकाळ सुमारे ६३ ते ६५ दिवसांचा असतो, एका वेताला तीन ते पाच पिल्ले होतात, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा माजावर येऊ शकते. उष्ण प्रदेशात तिच्या विणीला थंड देशांसारखा लांबलचक खंडही पडत नाही. नसबंदी झालेल्या बोक्यांपैकी दहात सुमारे नऊ जणांची पिचकारी मारण्याची सवय बंद होते किंवा बरीच कमी होते, त्यांचे हिंडणे आणि भांडणे उतरते आणि मूत्राचा उग्रपणाही जातो, म्हणजे पोर्चच्या दुर्गंधीवरचा खरा उपाय फरशीवर नसून शस्त्रक्रियेच्या टेबलावर आहे. मुंबई महापालिकेने भटक्या मांजरांच्या निर्बीजीकरणाचा कार्यक्रम हाती घेतलेला आहे. सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत आणि त्यांचा बहुतेक वेळ गाई-म्हशींत जात असला तरी सातारा आणि सांगली या दोन्ही शहरांत ही शस्त्रक्रिया करणारे खासगी पशुवैद्यकही आहेत. अनोळखी मांजर पकडताना ते चावले किंवा बोचकारले तर जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठावा. ज्यांच्या घरी स्वतःचे मांजर आहे त्यांनी घरात वाळूचे किंवा लाकडाच्या भुशाचे पसरट घमेले ठेवावे, ते रोज साफ करावे, आणि मांजर चार-पाच महिन्यांचे झाले की पहिल्या माजाची वाट न पाहता पशुवैद्यकाकडून त्याची नसबंदी करून घ्यावी.